पँटोप्राझोलची गोळी: किती दिवस, कशी, आणि काय बिघडतं

गुडघे-कंबरेच्या दुखण्यावर गोळ्या लिहिल्या की सोबत पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी, पँटोप्राझोल ४० किंवा ओमेप्राझोल २० (मिलिग्रॅम), येतेच. दुखण्याच्या गोळीनं पोटात जखम होऊ नये म्हणून ती योग्यच. पण दुखणं थांबलं तरी पोटाची गोळी मेडिकलमधून वर्षानुवर्षं येत राहते, ते बरोबर नाही.

ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. सकाळी वावरात जाण्याआधी भाकर खात असाल, तर उठल्याबरोबर. चावायची-कुटायची नाही, वरचं आवरण फुटलं की पोटातल्या आम्लात औषध वाया जातं.

सुरुवातीला डोकं दुखणं, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होऊ शकतं. बहुधा आपोआप थांबतं. खरी काळजी लांबच्या वापराची. आम्ल कमी झालं की अन्नातलं बी-१२ जीवनसत्त्व नीट सुटत नाही. दोन-तीन वर्षांनी तळपायाला मुंग्या, थकवा येऊ शकतो. लोहही कमी शोषलं जातं, म्हणून रक्त कमी असलेल्या बायांनी हे डॉक्टरांना सांगावंच. मॅग्नेशियम घटलं तर पायात गोळे येतात, छातीत धडधडतं. म्हाताऱ्यांची हाडं ठिसूळ होण्याचा धोकाही थोडा वाढतो.

पाण्यासारखे जुलाब थांबेनात, लघवी कमी झाली, अंगावर पुरळ आलं, तर लगेच दवाखाना गाठा. हृदयासाठी क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल टाळतात.

खूप दिवसांची गोळी एकदम सोडली की आम्ल उसळतं आणि जळजळ वाढते. डॉक्टरांना विचारून आधी मात्रा अर्धी (गोळी मोडून नव्हे, कमी मात्रेची गोळी घेऊन), मग एक दिवसाआड. त्या काळात ठेचा आणि रिकाम्या पोटी चहा बंद ठेवा. काळी शौच किंवा रक्ताची उलटी पूर्वी झाली असेल, तर स्वतःहून सोडूच नका.