ऐंशीच्या पुढे न ओढणारी ७९६ सीसी : तपासणीची नोंद

कार्बोरेटर असलेली, तीन सिलिंडरांची ही जुनी गाडी शहरात कसलीही तक्रार करत नाही. मात्र पुणे–सोलापूर महामार्गाच्या सपाट पट्ट्यावर चौथ्या गिअरमध्ये पेडल तळाला टेकवले तरी काटा ऐंशीच्या पुढे सरकत नव्हता.

अशा वेळी गॅरेजमध्ये 'कार्बोरेटर उघडू या' हाच सल्ला सर्वप्रथम मिळतो. उघडलेला कार्बोरेटर पूर्वीसारखा जुळेलच याची हमी मात्र कोणी देत नाही, म्हणून ते काम मी मुद्दाम शेवटी ठेवले. वेग ताशी ७० वरून ९० किलोमीटरवर नेताना हवेचा अडथळा कापण्यासाठी लागणारी शक्ती दुपटीहून अधिक होते, त्यामुळे जेमतेम ३७ बीएचपीच्या इंजिनाची निम्मी ताकद हरवली तरी गल्लीबोळांत ते कळत नाही.

न्यूट्रलमध्ये गाडी सहज घरंगळत होती आणि फेरी मारून आल्यावर चारही चाके हाताला सारखीच कोमट लागत होती, म्हणजे ब्रेक धरून राहत नव्हते. वेग न वाढता इंजिनाचाच आवाज चढतो, असेही होत नसल्याने क्लच प्लेट निर्दोष ठरली. इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून, दुसऱ्याला पेडल दाबायला सांगितले तेव्हा थ्रॉटलची (हवेची वाट उघडणारी) चकती पूर्ण उभी होत होती, म्हणजे पूर्ण उघडत होती. स्पार्क प्लगही फिकट तपकिरी निघाले. पेट्रोल कमी पडत असते तर ते पांढरट दिसले असते.

खरा उलगडा व्हॅक्यूम गेजने, म्हणजे इंजिनाच्या हवा आत ओढणाऱ्या वाटेतील निर्वात मोजणाऱ्या मापकाने, केला. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवते आणि दर हजार फुटांमागे एक इंच वजा होतो, तेव्हा पुण्याच्या उंचीवर मिळालेले स्थिर १६ इंच समाधानकारकच होते. परंतु टॅकोमीटर लावून इंजिन २,५०० आरपीएमवर धरून ठेवले असता काटा आधी वर गेला आणि मग, थ्रॉटल जराही न हलवता, सावकाश खाली उतरत १० इंचांवर आला. जळालेला वायू बाहेर पडायला वाट नसली की तो साचत जातो आणि काटा असाच उतरतो. सायलेन्सरच्या आधीचा जोड सैल केल्यावर मात्र काटा १७ वरून हलला नाही (शेजाऱ्यांची तेवढ्यापुरती क्षमा मागितली).

काढलेला सायलेन्सर हलवला तर आत खळखळ होत होती. कापून पाहिला तेव्हा गंजलेली आतली नळी तुटून बाहेर जाणाऱ्या तोंडाशी आडवी अडकलेली आढळली. नवा बसवल्यावर त्याच पट्ट्यावर गाडीने ९५ सहज गाठले. त्यापुढे जुन्या टायरांवर विसंबण्याची माझी तयारी नव्हती.

एक काम उरले आहे. डिस्ट्रिब्युटरवरील (प्लगना वीज वाटणाऱ्या भागावरील) व्हॅक्यूम अॅडव्हान्स निर्वाताच्या जोरावर ठिणगी थोडी आधी पाडतो; त्याच्या नळीतून तोंडाने हवा ओढली असता आतला पडदा (डायफ्राम) हवा धरत नाही. त्याचा परिणाम हलक्या पेडलवर आणि अॅव्हरेजवर होतो, पूर्ण थ्रॉटलच्या वेगावर नाही. त्यामुळे तो बदलल्यानंतरचे आकडे पुढील नोंदीत स्वतंत्रपणे देईन.