नवे लायनर, तरी पेडल मऊ

आज दिवसभर एकच काम: हायड्रॉलिक ब्रेकचा छोटा मालट्रक, लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारं अस्तर) नवे, व्हील सिलेंडरची (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा, चाकातला सिलेंडर) किट, म्हणजे रबरं, नवी, पण पेडल मऊ. केळी खाली करून सेंधव्याकडून बिजासन घाट उतरणाऱ्या गाडीला असं पेडल चालतच नाही.

आधी पेडल तीन-चारदा भराभर मारा. वर येऊनही स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. वर येऊन कडक झालं, पण थोडं थांबल्यावर पुन्हा पहिला दाब खोल गेला तर ड्रमचं सेटिंग, म्हणजे लायनर आणि ड्रममधलं अंतर, ढिलं. पाय दाबून धरला आणि ३० सेकंदांत पेडल खाली बसत गेलं तर बाहेर गळती शोधा. ती नसेल तर मास्टर सिलेंडरची (पेडलने चालणारा, ब्रेक ऑइलला दाब देणारा मुख्य सिलेंडर) रबरं आतून ऑइल सोडताहेत.

सेटिंग आधी, हवा नंतर. नवा लायनर ड्रमला हलका घासेपर्यंत अ‍ॅडजस्टर फिरवून घ्या. हे न करता लोक हवा काढत बसतात आणि अर्धा लिटर ऑइल वाया घालवतात.

हवा सहसा मास्टरपासून लांबच्या चाकाची आधी काढतात. निपलला (चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडालेलं. पेडल वर येण्याआधी निपल बंद, नाहीतर हवा परत आत. मास्टरवरची ऑइलची डबी रिकामी होऊ देऊ नका.

जुन्या मास्टरवर पेडल तळापर्यंत मारू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी रबर जिथे पोचत नाही, त्या न वापरलेल्या भागातल्या गंजावर रबराची कड फाटते आणि मग खरंच मास्टर जातो.