आयमथच्या धक्क्यावर

बेरिक मागे टाकून बसने इंग्लंडची हद्द ओलांडली की थोड्याच वेळात स्कॉटलंडमधलं आयमथ हे कोळ्यांचं गाव येतं. आय नावाची छोटी नदी इथे समुद्राला मिळते, म्हणून गावाचं नाव 'आयचं मुख'. वस्ती जेमतेम साडेतीन हजार. बंदराचं तोंड अरुंद, आणि त्याच्या बाहेरच ओहोटीला वर डोकावणारे हर्कर खडक.

पलीकडच्या काठावर १७५३ सालचं गन्सग्रीन हाउस दिसतं. बांधणारा जॉन निस्बेट हा व्यापारी आणि तस्करही. मालात मुख्य काय, तर चहा! जकात एवढी जबर होती की त्याने भिंतींत चहा लपवायची सोय करून घेतली.

पण मी आले होते ती १४ ऑक्टोबर १८८१ साठी. त्या आठवड्यात हवा वाईट होती, होड्या बंदरातच अडकलेल्या. शुक्रवारी सकाळी समुद्र शांत दिसला. वायुभारमापकाचा पारा फार खाली होता, म्हणजे वादळाची खूण, पण घरात पैसा नव्हता. माणसं निघाली. दुपारी आभाळ काळवंडलं आणि वादळ कोसळलं. परतणाऱ्या काही होड्या हर्करवर आपटल्या. किनाऱ्यावर बायका-मुलं उभी होती, हाकेच्या अंतरावर, आणि कुणालाच काही करता येईना. त्या दिवशी या किनाऱ्यावरचे १८९ कोळी गेले, त्यांतले १२९ एकट्या आयमथचे. 'एरियल गझेल' ही होडी बंदराकडे न वळता भर समुद्रातच वादळाला तोंड देत राहिली. रविवारी ती परत आली.

दोष एकट्या वादळाला देऊन मला चालत नाही. पकडलेल्या मासळीचा दहावा हिस्सा इथल्या कोळ्यांना वर्षानुवर्षं चर्चला द्यावा लागे. विल्यम स्पिअर्स या कोळ्याने त्याविरुद्ध गाव उभं केलं. शेवटी मोठी रक्कम मोजून सुटका झाली, पण गाव कर्जात बुडालं आणि बंदर नीट करायला पैसा उरला नाही.

बँट्री या किनाऱ्यालगतच्या फिरण्याच्या रस्त्यावर जिल वॉटसन यांचं ब्राँझशिल्प आहे, २०१६ मध्ये बसवलेलं. ७८ विधवा आणि १८२ मुलं. बाहुल्यांएवढ्या आकृत्या, ओळीने समुद्राकडे तोंड करून. नीट बघायला मी गुडघे टेकून बसले. वाऱ्याने उडालेले घागरे, पोटाशी धरलेलं लेकरू, आईच्या मागे दडलेलं दुसरं. प्रत्येक आकृती म्हणजे तेव्हाचं एकेक खरं माणूस. मी त्या लेकराच्या डोक्यावरून बोट फिरवलं. ब्राँझ गार होतं.

जुलैत इथे हेरिंग क्वीनचा, म्हणजे हेरिंग माशाच्या नावाने निवडलेल्या राणीचा, उत्सव भरतो. गावातलीच एक मुलगी राणी होते आणि शेजारच्या सेंट ॲब्सहून बोटीने येते, मागे मासेमारी बोटींचा ताफा. येते ती त्याच अरुंद तोंडातून, आणि अख्खं गाव धक्क्यावर तिची वाट बघत उभं असतं.