लाल शाईचे गुण, हिरव्या शाईचे गुण

फेरवाचनाला या महिन्यात सात महिने झाले. १४३ पैकी ३७ कादंबऱ्या झाल्या, १०६ राहिल्या.

हा उद्योग ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगते. मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत वाढले. १९८६ साली, दहावीच्या सुट्टीत, वडलांनी गावातल्या वाचनालयात माझ्या नावानं अनामत भरली आणि मी एक दोनशेपानी वही केली. तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, दहापैकी गुण आणि शेरा असे रकाने आखले. गुण लाल शाईनं द्यायचे. १९९३ मध्ये लग्न होऊन परभणीला आले तेव्हा ती वही माहेरच्या ट्रंकेत राहिली. यंदा मे महिन्यात माहेरचं माळवद उतरवायला घेतलं, तेव्हा ट्रंक उघडली आणि वही हाती आली. २१२ पुस्तकं आहेत तिच्यात. त्यातल्या १४३ प्रेमकथा. आमच्या ग्रंथपालकाकांच्या कपाटावर त्यांची चिठ्ठी 'सामाजिक' अशी असायची.

ठरवलं की या सगळ्या पुन्हा वाचायच्या. नियम एकच केला. जुना गुण आणि शेरा पोस्टकार्डानं झाकून ठेवायचा, पुस्तक पूर्ण वाचायचं, हिरव्या शाईनं नवे गुण लिहायचे आणि मगच पोस्टकार्ड उचलायचं. आतापर्यंत १९ पुस्तकांचे गुण उतरले, ११ चे चढले, ७ चे तेच राहिले.

जून

सुरुवात 'ययाति'नं केली. ही खांडेकरांची १९५९ ची कादंबरी, जिच्यानंतर १९७४ चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतःच्या तोंडानं सांगतात. वाचताना माझा वेग कुठं मंदावतो याकडे या वेळी मुद्दाम लक्ष दिलं. शर्मिष्ठेच्या पानांवर मी थांबत होते. राजकन्या असून दासी होऊन राहिलेली, लेकराला लपवणारी बाई. पुरू बापाला स्वतःचं तारुण्य देतो तिथं तर पुस्तक मिटून उठले, पाणी प्यायले आणि मग पुन्हा बसले. माझा मुलगा २८ वर्षांचा आहे.

हिरवे ८ लिहिले. पोस्टकार्ड उचललं तर लाल १० आणि शेरा, 'कच! कच! कच!' शर्मिष्ठेबद्दल एक अक्षर नव्हतं.

जुलै

पाऊस लांबला होता, पेरण्या खोळंबल्या होत्या, घरात सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे. या महिन्यात ना. सी. फडक्यांच्या चार कादंबऱ्या ओळीनं वाचल्या. लाल गुण चारही ठिकाणी ९. हिरवे ६, ६, ५, ७.

गुण उतरले तरी एक गोष्ट मान्य करायलाच हवी. चारही पुस्तकं मी प्रत्येकी दोन रात्रींत संपवली. गोष्ट कशी उघडायची, कुठं अडवायची, कुठं सोडायची याचा फडक्यांनी शास्त्रासारखा विचार केला होता, 'प्रतिभासाधन' लिहिलं ते त्याचसाठी, आणि नव्वद-शंभर वर्षांनंतरही ती पकड सुटत नाही. गुण उतरले ते दुसऱ्याच कारणानं. त्या पिढीच्या प्रेमकथांमध्ये दोन माणसांना वेगळं ठेवण्याचं काम बहुतेक वेळा गैरसमज करतो. पत्र भलत्याच्या हाती पडतं, कुणी कुणाला कुणाबरोबर बघतं, आणि शंभर पानं सरतात. आता वाचताना मला सारखं वाटत होतं, अरे एकदा विचारून तर बघा एकमेकांना!

मग आठवलं. १९८८ मध्ये आमच्या घरी फोन नव्हता. औरंगाबादला शिकायला गेलेल्या मैत्रिणीचं पत्र यायला चार दिवस लागायचे, उत्तर जायला आणखी चार. त्या आठ दिवसांत मी तिच्यावर रुसून, रडून, तिला माफ करून मोकळी झालेली असायची. फडक्यांच्या नायिकेचं ते तळमळणं मला तेव्हा खरंच वाटायचं, कारण माझं जगणं त्याच टपालाच्या चालीनं चाललं होतं. म्हणजे आवड बदलली ती नुसत्या वयानं बदलली नाही, टपाल बदललं म्हणूनही बदलली. आजच्या लेखकाकडे हरवलेलं पत्र उरलेलं नाही. त्याला अडसर माणसाच्या आतच शोधावा लागतो. फार तर संदेशावर दोन निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, तेवढाच जुना छळ शिल्लक आहे. (त्यावर कुणी चांगली कादंबरी लिहिली असेल तर मला हवी आहे.)

ऑगस्ट

चंद्रकांत काकोडकर. ही पुस्तकं वाचनालयात वेगळ्या कपाटात असायची आणि मोठ्या सभासदांनाच मिळायची. आमच्याकडे आत्याच्या नावावर यायची, गादीखाली राहायची आणि मी ती दुपारी चोरून वाचायची. वहीत त्यांची नावं नाहीत, 'चं. का. १', 'चं. का. २' एवढंच आहे. ही यादी उलगडायला दोन आठवडे लागले. काही प्रती संभाजीनगरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे मिळाल्या.

काकोडकरांचं नाव घेतल्यावर १९६९ हे साल विसरता येत नाही. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'शामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ मध्ये न्यायालयानं त्यांना दोषमुक्त केलं आणि त्या निकालात, समाजाची मोजमापं वेगानं बदलत आहेत, असंही नोंदवलं. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वर बेतलेला 'दो रास्ते' पडद्यावर आला. एकाच साली एकाच लेखकाचं एक लेखन कोर्टात आणि दुसरं चित्रपटगृहात, घरादारासह पाहिलं जाणारं! वाचकाची आवड बदलते तशी समाजाचीही बदलते, आणि ती कशी बदलते हे एका निकालपत्रात वाचायला मिळावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या महिन्याची खरी नोंद आत्याची आहे. ती आता ८१ वर्षांची आहे, डोळ्यांना दिसत नाही. पंचमीला चार दिवस राहायला आली होती, तेव्हा तिला ही पुस्तकं मी मोठ्यानं वाचून दाखवली. जिनं मला, "हे तुझ्या वयाचं न्हाई, ठेव तिकडं," म्हणून दटावलं होतं ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणायची, "पुढं जा बाई, हे पान मला पाठ हाय." आणि खरंच पुढचं वाक्य म्हणून दाखवायची.

तिसऱ्या रात्री एक पुस्तक संपलं. मी विचारलं, "आत्या, किती गुण देऊ?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "एवढं पिरेम केलं म्हन्तो, पन जेवलीस का म्हणून एकदा तरी इचारलं का गं त्यानं तिला?"

मी मागं जाऊन पानं चाळली. विचारलं नव्हतं. हात धरला होता, मिठी मारली होती, मोटारीतून फिरवलं होतं, चंद्र दाखवला होता.

त्या रात्री वहीत नवा रकाना आखला. नाव दिलं 'विचारपूस'.

सप्टेंबर

नवा रकाना घेऊन आधीच्या पुस्तकांकडे परत गेले आणि थोडी हबकले. नायकाचा राग मला तेव्हा प्रेमाची खूण वाटायचा. तो चिडला, तिचं मनगट घट्ट धरलं, तिला बोलू दिलं नाही, अशा पानांवर लाल पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या माझ्याच आहेत. आज ती पानं मला अंगावर येतात. मी चुकीचं वाचत होते असं म्हणणार नाही. त्या वयात कुणी आपल्यासाठी एवढं बेभान व्हावं हीच मोठी गोष्ट होती. पण त्या मनगटाचं पुढं काय झालं असेल ते आता डोळ्यांसमोर येतं.

याच महिन्यात विभावरी शिरूरकरांची, म्हणजे मालतीबाई बेडेकरांची, 'हिंदोळ्यावर' पुन्हा वाचली. १९३४ सालची. नवऱ्यानं टाकलेली शिकलेली बाई, तिचं दुसऱ्या पुरुषावर जडलेलं मन, आणि त्या नात्याला नाव काय द्यायचं हा पेच. फडक्यांच्या भरभराटीच्या काळातच मालतीबाई हे लिहीत होत्या. मला १९८९ मध्ये ही कादंबरी 'रटाळ' वाटली होती, गुण ३. हिरवे ९. सात महिन्यांत एवढी मोठी उडी फक्त दोन पुस्तकांनी घेतली, त्यातलं हे एक.

बी. रघुनाथांबद्दलही लिहायचं आहे, पण त्यांच्यासाठी स्वतंत्र नोंद करीन. त्यांचा जन्म सातोन्याचा, आमच्या सेलूच्या शेजारचा. १९५३ साली परभणीत, कचेरीत काम करतानाच ते गेले. माझ्या वहीत त्यांचं एकही पुस्तक नाही. सात वर्षांत २१२ पुस्तकं वाचली, सगळी पुण्या-मुंबईची, थंड हवेच्या ठिकाणांची, समुद्राची. बाहेर ४४ अंश असताना ओलं फडकं मानेवर टाकून मी धुक्यातली भेट वाचत होते, आणि शेजारच्या स्टेशनावर जन्मलेला कादंबरीकार मला माहीतच नव्हता. याची रुखरुख लागून राहिली आहे. त्यांची 'हिरवे गुन्हे' मिळवली आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर

दिवाळीत सून आली होती. ती प्रतिलिपी या गोष्टींच्या अ‍ॅपवर एक मालिका वाचते. रोज एक भाग, भाग ११० च्या पुढं गेलेली. कंपनीचा तरुण मालक, तिच्याशी कराराचं लग्न, अकडू स्वभाव. "आई, तुम्हाला नाही आवडणार," असं म्हणाली, म्हणून मुद्दाम पहिल्यापासून वाचायला घेतली. ७० भाग झाले आहेत. भाषा भरभर लिहिलेली, शुद्धलेखनाची हेळसांड आहे, ते मला टोचतं. पण रोज अशा ठिकाणी सोडायचं की वाचणारी दुसऱ्या दिवशी परत यावी, हे कसब जुनंच आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केलं, त्यात त्यांच्या कादंबऱ्याही हप्त्याहप्त्यानं यायच्या. तेव्हाही घराघरांत पुढच्या अंकाची वाट पाहिली जायची.

आणि एक गंमत वाटली. त्या मालिकेत एका भागात तो मालक रात्री उशिरा घरी येतो, ती उपाशीच झोपली आहे हे त्याला कळतं, आणि तो स्वतः खिचडी टाकतो. त्या भागाखाली वाचणाऱ्या मुलींचे अभिप्राय इतर भागांच्या कितीतरी पट होते. मी सुनेला आत्याचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "मी पण हाच भाग तीनदा वाचलाय, आई." विचारपूस रकान्यात पहिली बरोबरची खूण एका फोनवरच्या गोष्टीला मिळाली.

नोव्हेंबरमध्ये कापूस घरात यायला लागला की वाचन मागं पडतं, तरी एक मोठं काम झालं. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा', १९७१ ची. वहीत ती 'प्रेमकथा' म्हणून नोंदवलेली नाही, लाल पेननं ४ गुण आणि शेरा: 'हे तर घरचंच बोलणं. हीरो नाही.' पार्वती आपल्या शिंपी नवऱ्याची, गंगारामची, आणि मोडत चाललेल्या संसाराची कहाणी आपल्याच बोलीत सांगते. मला तेव्हा कादंबरीतली बाई 'इश्श' म्हणणारी हवी होती. आई, आत्या, वाड्यातल्या बाया जे बोलायच्या ते छापलेलं पाहून मला लाज वाटली होती, हे आता ध्यानात येतं. या वेळी पार्वतीचं बोलणं मोठ्यानं वाचत गेले, स्वयंपाकघरात एकटीच. नवऱ्याचा जीव जपायला बघणारी, त्याच्यावर चिडणारी, त्याच्या उपाशीपणाची काळजी करणारी ही बाई मला आजवर वाचलेल्या कुठल्याही नायिकेपेक्षा प्रेमात जास्त बुडालेली वाटली. हिरवे १०. १४३ ची यादी मी आता १४४ ची केली आहे. बोराडे सर २०२५ मध्ये गेले. त्यांना पत्र लिहायचं राहून गेलं.

गौरी देशपांडे यांची 'एकेक पान गळावया' यानंतर लगेच वाचायला नको होती. दोन्हींचे सूर इतके वेगळे की तिला न्याय मिळाला नाही. जानेवारीत पुन्हा वाचीन.

डिसेंबर

वहीतला १०८ नंबर. या कादंबरीचं नाव देत नाही, कारण शेवट सांगणार आहे. वाचनालयातल्या प्रतीची शेवटची सोळा पानं निघालेली होती. १९९० मध्ये मी ती तशीच वाचली. नायक दूरच्या नोकरीवर निघालाय, ती घराच्या दारात उभी, आणि पुस्तक तिथंच तुटलेलं. शेरा लिहिला होता: 'भेटले असणार स्टेशनवर. गुण ९.' पुढं कित्येक दिवस त्या भेटीचे संवाद मी मनात रचत होते. ती भेट माझ्यासाठी सेलूच्याच फलाटावर झाली होती, निंबाखालच्या बाकावर.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या वाचनालयातून पूर्ण प्रत मिळाली. ती सोळा पानं एका बैठकीत वाचली. ती स्टेशनवर जात नाही. धाकट्या बहिणीचं लग्न अडू नये म्हणून घरातच थांबते, आणि त्या त्यागाचं लेखिकेनं फार कौतुक केलं आहे. १९९० मध्ये ही पानं मिळाली असती तर मी रडले असते आणि दहा गुण दिले असते, हे नक्की. तेव्हा रडू आलं की दहा, असाच माझा हिशेब होता.

हिरवे गुण अजून लिहिलेले नाहीत. विचारपूस रकानाही कोरा आहे. आत्या संक्रांतीला येणार आहे, तिला आधी माझा शेवट सांगणार, मग छापलेला वाचून दाखवणार.

जानेवारीची यादी: 'हिरवे गुन्हे', गौरी देशपांडे पुन्हा, आणि 'चं. का. ६', जिचं नाव अजून उलगडलेलं नाही. शेऱ्यात फक्त 'निळी साडी, बंगला, पाऊस' एवढंच आहे. कुणाला ओळखू आली तर सांगा.