उजव्या मुठीवर डावा हात

मी कोल्हापुरात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. लोकांना वाटतं आम्ही मालिश करतो. स्ट्रोकनंतर माणसाला शर्टाचं बटण लावता यावं, आपल्या हाताने जेवता यावं, हे आमचं काम.

माझ्याकडे आलेले एक पेशंट काका, जुने बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकवरची नावं, सिनेमाचे बॅनर, सगळं ब्रशने. चित्रकार आणि सिनेमावाले बाबूराव पेंटर यांचं गाव आहे हे, इथं नावापुढे पेंटर लावणं मानाचं. फ्लेक्स आलं आणि काम बसलं. मग स्ट्रोक, मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, "व्हय", होला पण व्हय आणि नाहीला पण व्हय. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. स्ट्रोकच्या साधारण तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं, पण घरचे म्हणतात हट्टी झालेत, आणि डॉक्टर पण गोळ्या लिहून मोकळे.

आमच्याकडे सामान काय, तर खुंट्या खोचायचा पेगबोर्ड, मणी, रंगीत रिंगा. ज्या माणसाने परांचीवर चढून भलेमोठे चेहरे रंगवले त्याच्यापुढे बालवाडीचा खेळ ठेवायचा, याचा मला फार राग येतो. मागितलं की बजेट नाही. शेवटी काकूंना म्हटलं, काकांची घरची रंगकामाची पेटी घेऊन या.

पेटीत चपटे ब्रश, लाईन मारायची दोरी आणि टोकाला फडकं गुंडाळलेली काठी. ओल्या रंगाला मनगट लागू नये म्हणून पेंटर डाव्या हातात ती काठी आडवी धरतात आणि ब्रशचा हात तिच्यावर टेकवतात. सुरुवातीला काका डाव्या हाताने "श्री" काढायचे, वाकडा आला की कागद ढकलून द्यायचे. आयुष्यभर सरळ रेघेवर पोट भरलं, त्यांना ती थरथर बघवायची नाही.

आणि एक दिवस मी शेजारच्या पेशंटकडे असताना काकांनी डाव्या हाताने आपली उजवी मूठ उचलली, बोर्डवर ठेवली, आणि तिच्यावर डावं मनगट टेकवून ब्रश चालवायला लागले. लुळा हात काठीच्या जागी! कुणी शिकवलं नव्हतं. लुळ्या हाताने कागद दाबून धरावा, त्याच्यावर भार यावा, यासाठी आम्ही कितीतरी सेशन घालवतो, आणि इथे तो हात आपणहून कामाला लागला होता.

अक्षरं नव्हतीच काढली. पंचगंगेचा घाट, पायऱ्या, दीपमाळा, खाली पाणी. पाण्यात हात थरथरला, दीपमाळेची सावली फाटली, मला वाटलं आता ढकलतील. थांबले, बघितलं, आणि खाली मुद्दाम तशीच फाटकी रेघ परत मारली. पाणी हललं हो! काकू म्हणाल्या, "लग्नाआधी रविवारी घाटावर जायचे म्हणं चित्र काढायला. माझ्यासमोर पाट्या सोडून काय काढलंच नाही मॅडम." काका रडले, मग हसले, मग व्हय.

आता रात्री झोपतात, फिरायला न्या म्हणून खुणा करतात. ग्रिप मात्र होती तिथेच आहे. सिनिअर विचारतात फंक्शनल गेन काय, म्हणजे रोजच्या कामात हाताचा फरक किती पडला. फॉर्ममध्ये रकाना नाही, मी मागचं पान भरून लिहिलं. ती दुसरी रेघ काढताना त्यांच्या मनात नेमकं काय चाललं असेल, हे मला अजून सुटत नाहीये. विचारलं तर व्हय म्हणणार. सध्या कार्ट्रिज पेपरचा, म्हणजे चित्राच्या जाड कागदाचा, रोल शोधतेय, काकांना मोठी साईज पाहिजे.