मंगळवारचा तिसरा तास

लेकाच्या हुडीच्या खिशात शाळेचं आयकार्ड राहिलं होतं, मशीनला लावायच्या आधी काढलं आणि मागची बाजू पहिल्यांदा नीट वाचली. 988. आत्महत्येचा विचार मनात येत असेल तर या नंबरवर फोन करा. तेरा वर्षांच्या पोराच्या गळ्यात रोज हे असतं आणि मला पत्ताच नाही! पोटात गोळा आला.

संध्याकाळी विचारलं तर म्हणाला, अगं आई सगळ्यांच्याच कार्डवर असतं ते. खरंच आहे, इथे कॅलिफोर्नियात 2019 पासून सातवीपासून पुढच्या मुलांच्या आयकार्डवर असा हेल्पलाइनचा नंबर छापावाच लागतो. पण मग मान खाली घालून म्हणाला, मी मंगळवारी तिसऱ्या तासाला काउन्सेलरकडे जातो. सात आठवडे झाले.

सात आठवडे!

फेब्रुवारीत माझे बाबा, म्हणजे त्याचे आबा, गेले. मी मिळेल त्या फ्लाइटने मिरजेला गेले, याचा पासपोर्ट नेमका रिन्यूला गेलेला त्यामुळे हा इथेच राहिला. आबांचं शेवटचं दर्शन नाही, दहावा-तेरावा काही नाही. परत आल्यावर मी माझ्याच दुःखात होते हे मान्य, पण डबा रोज रिकामा यायचा, मार्क ठीक होते, मला कळणार कसं? कळलं ते गणिताच्या बाईंना, वर्गात बेंचवर डोकं ठेवून बसतो म्हणून. त्यांनीच काउन्सेलरला कळवलं.

दुसऱ्या दिवशी काउन्सेलरना फोन केला मी, आवाज चढलाच माझा. त्या शांतपणे म्हणाल्या की इथे बारा किंवा जास्त वर्षांचं मूल, समज असेल तर, स्वतःच्या संमतीने अशी मदत घेऊ शकतं. मी रात्री बसून कायदा वाचला. त्यात आईवडिलांना सामील करून घ्यावं असंही आहे, काउन्सेलरला ते अयोग्य वाटत नसेल तर. म्हणजे मी अयोग्य? आमच्या शाळेत पोरगं दोन दिवस गप्प दिसलं तर सर सायकल मारत घरी यायचे, ओट्यावर बसून चहा घेता घेता आईला सांगायचे. त्यात आई वगळलेली नसायची. हे मी कितीही वर्षं इथे राहिले तरी म्हणणार.

आता दुसरी बाजू पण लिहायला हवी. आमच्या वर्गातला एक मुलगा वडील वारल्यावर सहामाहीपासून शाळेत आलाच नाही आणि आम्ही सगळे 'बिचारा' म्हणून पुढच्या वर्गात गेलो. सरांना त्याचं घर माहीत होतं, पण काय बोलायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. इथे ते माहीत असलेलं माणूस शाळेतच बसलेलं असतं, एक डॉलर न घेता. बाहेरच्या थेरपिस्टकडे चौकशी केली तर नवीन पेशंटला दोन महिने वेटिंग म्हणाले.

अर्थात इथेही सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नका. एका काउन्सेलरमागे 250 मुलं असावीत असं त्यांचीच संघटना सांगते, या बाईंकडे पाचशेच्या वर आहेत. टेक्सासमधल्या उवाल्डीच्या शाळेतल्या गोळीबारानंतर 2022 मध्ये शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठी शंभर कोटी डॉलर मंजूर झाले होते, त्यातली चालू अनुदानं 2025 च्या एप्रिलमध्ये थांबवण्याचं सरकारने कळवून टाकलं. आणि आपल्याकडे त्याच वर्षी जुलैत सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे काउन्सेलर नेमा असं सांगितलं. माझी नणंद सांगलीत शिकवते, तिच्या शाळेत अजून कुणी आलेलं नाही. तिला म्हटलं निदान टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 तरी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेव, मराठीत बोलतात, फुकट आहे. म्हणाली पालक विचारतील आमची पोरं वेडी आहेत का. तरी लिही म्हटलं.

लेकाला शेवटी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, तू बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस, मला ऐकू यायचं.

काय बोलणार यावर. नवऱ्याने गुरुवारी हाफ डे टाकलाय, आम्ही तिघं जाऊन काउन्सेलरना भेटणार आहोत. सात आठवड्यांचं मी विचारणारच आहे. आबांच्या चष्म्याचं घर मी मिरजेहून आणलं होतं, ते न्यायचंय म्हणतोय तो, त्याने बाईंना कबूल केलंय दाखवायचं.