करड्या डोंगरावरचा वसंत

रविवार, १६ मार्च

होळी झाली आणि ऊन एकदम चढलं. आठ वाजताच पाठ भाजायला लागते, म्हणून आज अंधारातच घर सोडलं. उजाडताना सिंहगडाच्या पायथ्याला, आतकरवाडीच्या बाजूच्या दरीत पोचले होते. गडावर जाणाऱ्यांचा ओघ आपल्या वाटेनं वर जातो. खाली दरीत या दिवसांत एखाद-दुसरा कॅमेरेवाला आणि गुरं राखणारे, एवढीच वर्दळ.

वसंत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ येते. कॅलेंडरवर तीच, शुभेच्छांच्या फोटोंत तीच. पण फाल्गुन-चैत्रातला आपला डोंगर करडा असतो. गवत वाळून पिवळं पडलेलं, ओढे आटलेले, मुरूम उघडा पडलेला. आणि या कोरड्या रानात पळस, पांगारा, काटेसावर, गणेरी अंगावर एक पान न ठेवता फुलतात. मला याचं अजूनही नवल वाटतं. त्यामागचा हिशेब कळल्यापासून तर जास्तच. पानांची आडकाठी नसल्यामुळे फुलं पाखरांना लांबून दिसतात. पळसाच्या चपट्या शेंगा वाळून वाऱ्यावर निघतात, प्रत्येकीत एकच बी, आणि पहिला पाऊस पडायच्या आत ते जमिनीवर पोचलेलं असतं. दुष्काळी दिसणाऱ्या या महिन्यांत झाडं पुढच्या पावसाळ्याची तयारी करत असतात.

म्हणून फोटो काढताना एक पथ्य मी पाळते. मागचं करडं रान फोटोतून घालवायचं नाही. सगळे सांगतात, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, उघडा, बॅकग्राउंड धूसर, लोण्यासारखी करा. तसा फोटो सुंदर दिसतो, नाही असं नाही. पण त्यातला पक्षी कुठलाच राहत नाही. तो पुण्याचा की परदेशातला, मार्चमधला की ऑगस्टमधला, काही कळत नाही. मी शक्यतो छिद्र लहान ठेवते, एफ ८ वर जाते. मागची वाळकी काडी, खडकाची कड, झाडाची खरखरीत साल ओळखू आली पाहिजे. शिंजीर, हा फुलांतला मध पिणारा इवला पक्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर जगतो कुठे, हे त्यातच तर आहे.

आज बराच वेळ एकाच पळसाखाली काढला. पळसाची कळी जवळून बघावी. बाहेरचं कोष जवळजवळ काळं, मखमली लव असलेलं, आणि त्यातून भगवं टोक नुकतं डोकावलेलं. पूर्ण उमललेल्या फुलात एक पाकळी मागे वळते, दोन बाजूंना राहतात आणि खालच्या दोन जुळून बाकदार चोच होते. पुंकेसर त्या चोचीच्या आत दडलेले असतात. पाकळीच्या पाठीवर बारीक रुपेरी लव असते. ती तिरप्या उन्हातच दिसते, ऊन डोक्यावर आलं की संपलं. कॅमेऱ्याला हा भगवा झेपत नाही. एकूण एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, बरोबर दिसतं, पण लाल रंग जळून पाकळीचा सपाट ठिपका होतो, शिरा नाहीत, लव नाही. म्हणून पळस-पांगाऱ्याला मी एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी ठेवते आणि हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, लाल रंग वेगळा तपासते.

सातच्या सुमाराला जांभळ्या शिंजिराचा नर आला. सावलीत अगदी काळा, मान वळवली की निळा-जांभळा पेटतो. फांदीला उलटा लटकून त्याने चोच फुलात घातली. नंतर फोटो मोठा करून पाहिला तर गळ्यावर परागांची पिवळी भुकटी स्पष्ट होती. पळसाचं परागीभवन करणाऱ्यांत हा शिंजीर महत्त्वाचा. मधासाठी आलेली खारही थोडंफार काम करून जाते. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल येऊन-जाऊन होतेच. पळसमैनांचा एक थवा कलकलाट करत आला आणि वरचा शेंडा भरून गेला. महिनाभरात त्या मध्य आशियाकडे परततील, घरटी तिकडेच करतात.

थोड्या वेळाने शिंजिराची मादी दिसली, फिकट पिवळ्या पोटाची. चोचीत कोळ्याचं जाळं होतं. म्हणजे जवळच कुठेतरी घरटं चाललंय. बांधायचं काम तीच करते. ती कुठे जाते ते मी पाहिलं नाही, पाठ करून उभी राहिले. घरट्यापाशी माणसाची ये-जा झाली की कावळ्यांचं लक्ष जातं, आणि मग अंडी-पिल्लं वाचत नाहीत. घरट्याचा फोटो काढू नये, या मताची मी आहे, आणि त्यात सवलत मला मान्य नाही.

शेळ्या घेऊन एक मामा आले. म्हणाले, “ताई, इथं काय उभ्या ऱ्हायलाव? वर डबकं हाय खडकात. ऊन तापलं की समदी पाखरं पान्यावं येत्यात.” मी वर गेले. परातीएवढं पाणी. एका दगडाआड खाली बसले. आधी चष्मेवाले आले, अंघोळ करून गेले. मग टिकेलची निळी माशीमार, छातीवर तो नारिंगी रंग. शेवटी नीलांग. तो हिवाळ्याचा पाहुणा, आता हिमालयाकडे निघायच्या बेतात असणार. इथेही मी पाणी, शेवाळलेली कड आणि वरून गळलेलं कुसुंबाचं लालभडक कोवळं पान, सगळं फ्रेममध्ये घेतलं. कुसुंबाची नवी पालवी अशी रक्तासारखी लाल असते, हरितद्रव्य मागाहून भरतं.

परतताना समोरच्या उताराचा मोठा पट्टा जळून काळा झालेला दिसला. जाळलं की गवत जोमानं येतं, ही समजूत काही जात नाही. याच दिवसांत टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. तित्तिरही गवतात, जमिनीवरच. वणव्यात ती तशीच भाजून जातात, शिवाय नुकती तग धरलेली रोपं. मामांना विचारलं तर म्हणाले, “कोन लावतं, कुनाला ठावं. इजवायला मातर आमीच धावतो.” मी त्या उताराचेही फोटो काढले, पळसाच्या फोटोंच्या शेजारीच ठेवणार आहे. हाही याच वसंताचा भाग आहे. वणवा दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येतं. हे मामांना सांगितलं, इथेही लिहून ठेवते.

करवंदीला पांढरी फुलं लागलीत, वाटेवर वास होता. गणेरीचा बहर सरत आलाय, त्यामुळे पुढच्या रविवारी आधी तिच्याकडे जायचं. बहाव्याला अजून अवकाश आहे.